सत्तेचा उंबरठा

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह हे स्थानक लागते. गावाचे दैवतच स्थानकाच्या नावात आले आहे. नृसिंहाची कथा महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. तरी तिच्यातील एक तपशील राज्यशास्त्राच्या दृष्टीने न्याहाळण्याजोगा आहे. हिरण्यकश्यपूने वर मागताना आपल्या सत्तेला कोठे फट राहू नये याची एखाद्या कायदेपंडिताच्या काटेकोरपणाने तजवीज केली होती. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, घराबाहेर नाही. त्याचा अंत झाला तो उंबरठ्यावर. आम्हा ख्रिस्ती माणसांची श्रद्धा वेगळी असली, तरी आपणास कोणी जाब विचारू शकत नाही असे मानणारा राजा आम्हांलाही फारोपासून परिचित आहे.

पोखर्णीच्या परिसराने असा दावा विसाव्या शतकात ऐकला आहे. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याने संस्थानांवरील ब्रिटिशांची अधिसत्ता संपुष्टात आली, तेव्हा आता आपण सार्वभौम झालो, अशी भूमिका निजाम मीर उस्मान अली खान यांनी घेतली. कायद्याच्या अक्षराला धरून पाहिले, तर ती अगदीच निराधार नव्हती. हे मान्य करण्यास आपण कचरू नये. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही नेले. पण कायद्याच्या तळाशी नीतीचा प्रश्न होता. सार्वभौमत्व ही कोणा एकाची मालमत्ता असू शकते काय? त्या संस्थानातील काही मुलूख ‘सर्फेखास’ म्हणून ओळखला जाई व त्याचे उत्पन्न निजामाच्या खासगी तिजोरीत जाई. राज्य आणि मिळकत यांतील रेघ तेथे मुळातच पुसट होती. तेलुगू, मराठी, कन्नड बोलणाऱ्या प्रजेने सभा भरवायची, तर गस्ती निशाण ५३ या हुकुमाप्रमाणे आधी सरकारची परवानगी हवी.

जेझुइट तत्त्वज्ञ फ्रान्सिस्को सुआरेझ यांनी १६१३ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या दैवी अधिकाराच्या दाव्याला उत्तर दिले. सत्ता परमेश्वरापासून येते हे खरे; परंतु ती येते समाजाकडे, आणि समाज ती राज्यकर्त्याच्या हाती सोपवतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. राजाने ते पुस्तक लंडनमध्ये जाळविले. (पुस्तके जाळणाऱ्यांनी युक्तिवाद खोडल्याचे उदाहरण इतिहासात सापडणे कठीण.) सुआरेझांच्या मापाने मोजले, तर भारतीय सैन्याने सीमा ओलांडण्यापूर्वीच निजामाचा दावा ढासळलेला होता, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या मागे उभ्या राहिलेल्या जनतेनेच तो नाकारला होता.

मात्र हे माप एकाच बाजूला लावून चालणार नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सैन्य आत शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांच्या जुलमातून माणसे सुटली. तो दिवस मराठवाडा मुक्तिदिन म्हणून पाळतो, हे यथार्थच आहे. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले, त्याची पाहणी करण्यास केंद्र सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल व त्यांचे सहकारी गेले. मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान असावी, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांबरोबर परभणीचा शेजारी नांदेडही होता. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. हेतू न्याय्य होता म्हणून हिशेब मागू नये, असे जो म्हणतो, तो निजामाचाच युक्तिवाद दिल्लीच्या तोंडी घालतो.

येथे आपल्या घरातलेही पाहावे लागेल. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात सांगितले की, लहान समाजघटकाला जे करता येते ते मोठ्याने आपल्याकडे ओढून घेणे हा अन्याय आहे. ही शिकवण आपण अभिमानाने सांगतो. तरीही १९५९ साली केरळात नंबुद्रीपाद यांच्या निर्वाचित सरकारविरुद्धच्या आंदोलनात कॅथलिक ख्रिस्तसभा अग्रभागी होती, आणि ३१ जुलैला केंद्राने ते सरकार बडतर्फ केले तेव्हा आनंद झालेल्यांत आपले लोक पुष्कळ होते. शाळांची काळजी खोटी नव्हती. परंतु शिक्षण विधेयकातील काही कलमे अल्पसंख्याकांच्या हक्कांना बाधक असल्याचे मत सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच दिले होते. न्यायालयाचे दार उघडे असताना आपण दिल्लीचे दार ठोठावले. जे शस्त्र आपल्या रक्षणार्थ चालले, ते उद्या कोणावर चालेल याचा विचार त्या आनंदात झाला नाही. पुढे पस्तीस वर्षे कलम ३५६ किती सैल हाताने वापरले गेले, हे सर्वश्रुत आहे. ११ मार्च १९९४ च्या बोम्मई निकालाने त्याला आवर घातला: बहुमताची परीक्षा राज्यपालांच्या दिवाणखान्यात नव्हे, विधानसभेच्या सभागृहात. त्याच निकालाने धर्मनिरपेक्षतेशी विसंगत वागणाऱ्या राज्य सरकारांवरील कारवाई मात्र वैध ठरवली. म्हणजे राज्यांचा अधिकारही निरंकुश नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. मागासलेपणाचे निवारण व्हावे म्हणून कलम ३७१ खाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. केंद्राविरुद्ध राज्याच्या हक्कांची गाऱ्हाणी मुंबईत वारंवार मांडली जातात, आणि त्यांत तथ्यही असते. पण त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण असे २९ विषय पंचायतींसाठी अकराव्या परिशिष्टात मांडले, त्यांतला कोणता विषय किती सोपवायचा हे राज्याच्याच मर्जीवर ठेवलेले आहे. दिल्लीने मुंबईला द्यावे असे जे आपण म्हणतो, ते मुंबईने पोखर्णीच्या ग्रामसभेला का देऊ नये, हे मंत्रालयातील कोणी अद्याप नीट समजावून सांगितलेले नाही.