अभ्यासक्रम नंतर निवड, आधी धुळ्याची एस.टी. पकड

लेका, पोरीला नववीत शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरवलंस, त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वयाचा. तिची चौदा उलटली आहेत. बाकी विचार तुम्ही नवरा-बायकोनं केलाच असेल. पण पाच अभ्यासक्रमांची यादी माझ्यापुढे सरकवून ‘सर, इतिहासाला यातला बेस्ट कुठला?’ असं विचारलंस, तेव्हा माझं डोकं फिरलं. यादीत किंमत होती, व्हिडिओ किती तासांचे ते होतं, परीक्षेचं केंद्र होतं. त्यातल्या एका तरी पुस्तकाचं एक पान वाचलं होतंस का? तुझा बाप कपाशीचं बियाणं घेताना आधी रान बघायचा, मग पाकीट. तू नुसता पाकिटावरचा फोटो बघतोस.

यादीत पहिलं नाव अमेरिकेतल्या घरशाळांमध्ये चालणाऱ्या ‘स्टोरी ऑफ द वर्ल्ड’चं. चार खंडांत जगाची गोष्ट. चांगली मालिका आहे, पण ती प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांसाठी लिहिली आहे रे! पंधरा वर्षांच्या पोरीच्या हातात ती देणार? दुसरं नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं, आणि त्यापुढे तुझ्याच अक्षरात शेरा: ‘इथे सामाजिक शास्त्र सोडता येतं.’ येतं, खरं आहे. दहावीला पाच विषय लागतात, त्यात भाषा हवी, बाकीचे आपण निवडायचे. पण इतिहास शिकवायचा म्हणून माझ्याकडे आलास आणि इतिहास चुकवायची वाटही लिहून आणलीस? यातलं खरं काय ते आधी घरी ठरव.

केंब्रिजच्या आयजीसीएसईला मी नावं ठेवणार नाही. त्यांच्या इतिहासाचा एक पेपर साधनांवर असतो. पत्रं, व्यंगचित्रं, भाषणांचे उतारे समोर ठेवतात आणि विचारतात, यावर विश्वास ठेवायचा का, ठेवायचा तर कितपत? ही रीत मला पसंत आहे. मात्र त्यात मुलं बहुतेक विसाव्या शतकातलं जागतिक राजकारणच वाचतात. तापी-गिरणेचं पाणी तिथे तुला दिसायचं नाही, आणि फी बघून तुझे डोळे पांढरे होतील.

आता ऐक. यादीत सगळ्यात खाली, जवळपास लाज वाटल्यासारखं, तू ‘स्टेट बोर्ड’ लिहिलंस. बालभारतीचं 2018 चं दहावीचं इतिहासाचं पुस्तक उघडून तरी बघितलंस का? त्याचा पहिला धडा इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर आहे, दुसरा भारतीय परंपरेवर. रांके, मार्क्स, फुको दहावीच्या पोरांपुढे आणून ठेवलेत. उपयोजित इतिहास, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन, प्रसारमाध्यमं असे धडे पुढे आहेत. पुस्तकात उणिवा आहेत. धडे इतके आखूड की नावं येतात आणि निघून जातात. पण इतिहास कसा लिहिला जातो, हा प्रश्न दहावीच्या मुलाला विचारायची हिंमत त्या पुस्तकानं केली. आपण काय केलं? चाळीस मार्कांचा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर म्हणून गाईड आणलं, रिकाम्या जागा पाठ केल्या आणि इतिहास बोअर आहे असं गावभर सांगितलं.

त्याहून मला लागलं ते तुझं पुढचं वाक्य. ‘आपला इतिहास मीच सांगेन सर, यूट्यूबवर भरपूर आहे.’ भरपूर आहे, हे खरं. पण कोण बोलतोय, कशाच्या आधारे बोलतोय, हे तू एकदा तरी तपासलंस? शिवाजी महाराजांवरचा सिनेमा पाहून आलेल्या पोरीनं ‘बाबा, हे खरंच असं झालं होतं का?’ असं विचारलं, तर तुझ्याकडे उत्तर काय आहे? ‘आपल्या माणसांनी काढलाय’ हे उत्तर नव्हे.

वि. का. राजवाडे हे नाव तुला शाळेत मी सांगितलं होतं. गावोगावचे वाडे आणि दप्तरं धुंडाळत त्यांनी कागद जमवले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालिकेचे बावीस खंड काढले. पहिला खंड 1898 चा. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी कुणाला झोडपलं असेल? बखरींना. मराठ्यांचा अभिमान रक्तात भिनलेला माणूस, पण मराठ्यांच्याच बखरी अस्सल पत्रांवर घासून बघितल्या आणि चुकीचं ते चूक म्हणाला. 31 डिसेंबर 1926 ला ते धुळ्यात गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं धुळ्यात संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांचा संग्रह तिथे राहिला. महाराष्ट्रातले अभ्यासक त्या मोडी कागदांसाठी धुळ्याला येतात. तू जळगावात बसून डॉलरमधला अभ्यासक्रम शोधतोस, आणि पोरीनं अजून राजवाडे मंडळाचं दारसुद्धा बघितलेलं नाही. मोडी शिकायला पंधरा वर्षांच्या हुशार पोरीला कितीसा वेळ लागणार? तिला शाळेत अडकवायचं नव्हतं ना? मग या मोकळ्या वेळाचं करतोस काय?

चाळीसगावजवळचं पाटणं घे. देवीच्या दर्शनाला तू दरवर्षी जातोस. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असं सांगणारा 1207 च्या सुमाराचा शिलालेख तिथे सापडला. भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात जगापुढे आणला. संस्कृत संपल्यावर त्यात जुनी मराठीही आहे. आता लोक छातीठोक सांगतात, भास्कराचार्य पाटण्याचेच. शिलालेख तेवढं सांगतो का? तो मठाचं सांगतो, नातवाचं सांगतो. भास्कराचार्यांनी स्वतः आपलं गाव विज्जडवीड म्हणून सांगितलंय, आणि ते नेमकं कुठलं यावर विद्वान अजून भांडतात. पुरावा कुठे थांबतो आणि आपली हौस कुठे सुरू होते, हे पोरीला त्या एका दगडावरून शिकवता येतं. त्याच पाटण्याच्या उत्खननात अश्मयुगातल्या माणसांनी नक्षी कोरलेलं शहामृगाच्या अंड्याचं कवच मिळालं. खानदेशात एके काळी शहामृग होते, हे तुझ्या कुठल्या व्हिडिओत आहे?

जगाचा इतिहासही इथूनच सुरू करता येतो. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कपाशीचे भाव वर गेले. युद्ध संपलं, भाव कोसळले. तुझ्या घरात तीन पिढ्या कपाशी आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीचा धडा पोरीला इथून सांग, मग बघ ती विसरते का.

आणि साहेबाचे कागद वाचायला शिकव. मुंबई गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशचा, 1880 चा. पिकं, बाजार, जाती, रस्ते, सगळं तपशिलात दिलंय. पण भिल्लांबद्दलची पानं तिला मोठ्यानं वाचायला लाव. 1818 ला मुलूख इंग्रजांकडे गेला, डोंगरात भिल्लांशी झगडा पेटला, 1825 मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. हे सगळं लिहितंय कोण? कुणासाठी? ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांचा एक तरी शब्द त्यात आहे का? मग 1944 च्या चिमठाण्यावर ये. क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. सरकारच्या लेखी तो दरोडा, आपल्या लेखी स्वातंत्र्यलढा. दोन्ही बाजू समोर ठेव आणि गप्प बस. निकाल तिला देऊ दे.

थाळनेरचे फारुकी सुलतान तू गाळणार, हे मला ठाऊक आहे. गाळू नकोस. 1382 पासून 1601 मध्ये अकबरानं असिरगड घेईपर्यंत त्यांनी खानदेशवर राज्य केलं. त्यांच्या कबरी शिरपूर तालुक्यात उभ्या आहेत, तुझ्या आवडीनिवडीनं त्या हलणार नाहीत. फैजपूरलाही घेऊन जा. 1936 चं काँग्रेसचं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष, सजावट नंदलाल बोसांची. धनाजी नाना चौधरींनी ते कसं उभं केलं, हे तिथल्या म्हाताऱ्यांच्या घरी बसून विचारा.

सूनबाईलाही हे वाचून दाखव, कारण ती यादी तिनं तयार केली असं तू दोनदा म्हणालास. बायकोच्या पदराआड लपू नकोस.

माझा निकाल साधा आहे. दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म मुदतीत भर. नाशिक विभागीय मंडळाची तारीख बघ आणि संपर्क शाळेत स्वतः जा, एजंटाला पैसे देऊ नकोस. पुस्तक बालभारतीचं. केंब्रिजचे जुने साधनपेपर मिळाले तर सरावाला घे. बाकीचे पैसे एस.टी.च्या तिकिटांना आणि एका चांगल्या मोडी-मराठी पुस्तकाला लाव. आणि पोरीच्या आधी ते दहावीचं पुस्तक तू पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढ. तोवर माझ्याकडे येऊ नकोस.