वाटणीत न येणारा वारसा

माणूस जाताना मागे काय ठेवतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा तहसील कचेरीत शोधले जाते. शासकीय सेवेत असताना वारसांच्या नामांतरणाची प्रकरणे आम्ही वर्षानुवर्षे पाहिली. शेत, घर, सोने यांवरून सख्खे भाऊ एकमेकांसमोर उभे राहत. परंतु वडिलांच्या पोथ्या किंवा मोडी कागदांचे दप्तर आपल्याच वाट्याला यावे, असा हट्ट धरणारा वारस आमच्या पाहण्यात आला नाही.

संग्रह करणे हा काही अपराध नव्हे. पांढुर्णा-सौंसर भागात ज्याने संत्र्याची बाग लावली, त्याने पहिल्या बहरासाठी काही वर्षे वाट पाहिली आणि उन्हाळ्यात पाणी पुरवून झाडे जगवली. त्या कष्टांचे फळ लेकरांना मिळावे, ही इच्छा स्वाभाविकच आहे. संन्याशाचे तत्त्वज्ञान संसारी माणसाच्या गळ्यात बांधणे अन्यायाचे ठरेल. प्रश्न एवढाच, की आपला वारसा तेथेच संपतो काय?

वाटणीच्या वेळी एक वस्तू नेहमी पेच निर्माण करी, ती म्हणजे विहीर. शेताचे चार तुकडे होतात, विहिरीचे होत नाहीत. तेथे पाण्याच्या पाळ्या ठरवाव्या लागतात, गाळ सर्वांनी मिळून काढावा लागतो, आणि त्यासाठी भावाभावांना बोलणे चालू ठेवावे लागते. आम्हांस वाटते, खरा वारसा या विहिरीसारखा असतो. तो वाटून घेता येत नाही, मिळून सांभाळावा लागतो.

आपल्या शेजारची दोन उदाहरणे पाहू. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगे महाराजांजवळ खराटा, गाडगे आणि अंगावरच्या चिंध्या यांपलीकडे काही नव्हते. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या; त्यांतील एकही वास्तू त्यांनी स्वतःची मानली नाही. दुसरे उदाहरण कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांचे. १९३० मध्ये त्यांच्या मृत्युपत्राने सुमारे पस्तीस लाख रुपये नागपूर विद्यापीठाला मिळाले आणि त्यांतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. एक अकिंचन, दुसरा धनाढ्य. म्हणजे प्रश्न किती मिळवले हा नसून, मिळवलेल्यातले किती परक्यांच्या उपयोगी पडले, हा आहे. नाशिकच्या धर्मशाळेत उतरणारा यात्रेकरू आणि नागपुरात शिकणारा विद्यार्थी हे दोघेही रक्ताचे वारस नव्हेत. तरीही वारस तेच.

आता आपल्या घरांकडे वळू. देवगडचे राज्य अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांकडे गेले, तेव्हापासून कितीतरी मराठी घराणी या मुलखात नांदत आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. दर वेळी कागदावरच्या सीमा बदलल्या. घरातली मराठी मात्र कोणत्याही आदेशाविना टिकली. ती टिकवली आजीच्या ओव्यांनी, कीर्तनांनी, पोळ्याच्या झडत्यांनी. तिची नोंद कोणत्याही खसऱ्यात नाही, म्हणून तिच्यावर कोणी दावाही सांगत नाही. उपसा थांबला की विहीर गाळाने भरते. आज आपल्याच घरातली नातवंडे मराठी बोलतात, परंतु आजोबांचे पत्र त्यांना वाचता येत नाही. हिंदी परकी नाही, इंग्रजीही आवश्यक आहे. पण त्यासाठी ही विहीर बुजवलीच पाहिजे, असे कोठे आहे?

आपणांपैकी अनेकांनी मृत्युपत्र केले असेल, किंवा करण्याचे मनात असेल. त्यात दोन गोष्टींचा विचार व्हावा, एवढीच विनंती. मिळकतीचा लहानसा का होईना, एक अंश गावातल्या वाचनालयाला किंवा एखाद्या गरजू विद्यार्थ्याला जावा. आणि माळ्यावरची ती पेटी रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी नातवाला शेजारी बसवून एकदा उघडावी. त्यातली अक्षरे त्याला आपणच वाचून दाखवावी आणि मग त्याच्याकडून वाचून घ्यावी. शेत त्याच्या नावे कायद्याने चढेलच. हे काम मात्र आपण जिवंत असतानाच व्हायला हवे.