मासा कोपऱ्यात का?

मत्तयच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायाच्या शेवटी चार वचनांची एक छोटी गोष्ट आहे. कफर्णहूमात मंदिराचा कर वसूल करणारे येशूच्या शिष्याला, पेत्राला गाठतात आणि विचारतात, तुमचे गुरुजी कर भरत नाहीत का? पेत्र घरात येतो, तर येशूच त्याला विचारतो, राजे कर कुणाकडून घेतात, स्वतःच्या मुलांकडून की परक्यांकडून? परक्यांकडून. मग मुले मोकळी, देवाच्या घरी पुत्राने कर कसला भरायचा! तरी उगाच कुणाला दुखवायला नको. सरोवरावर जा, गळ टाक, पहिल्या माशाच्या तोंडात नाणे असेल, ते दोघांचे म्हणून दे. अध्याय इथेच संपतो. पेत्र गेला का, मासा लागला का, याबद्दल मत्तय अवाक्षर काढत नाही.

चित्रकार मसाच्चोने हीच गोष्ट १४२० नंतरच्या काही वर्षांत फ्लोरेन्सच्या सांता मारिया देल कार्मिने चर्चमध्ये, ब्रांकाच्ची चॅपेलच्या भिंतीवर ओल्या गिलाव्यात रंगवली. मत्तयने न सांगितलेला मासा त्याने दाखवला खरा, पण कुठे? अगदी डाव्या टोकाला, मागे, काठावर. झगा काढून ठेवलेला पेत्र उकिडवा बसून माशाच्या तोंडाशी झटतो आहे, आणि तिकडे कुणाचेही लक्ष नाही. चमत्कार म्हटला की चित्रकार तो मधोमध मांडणार, ही आपली अपेक्षा. इथे मधोमध आहे तो आदेश.

येशूभोवती शिष्यांचे कडे आहे. वसुलीदार घराबाहेर राहिलेला नाही, तो थेट त्यांच्यात येऊन उभा आहे: आखूड अंगरखा, उघड्या पोटऱ्या, आपल्याकडे पाठ. डोक्यामागे तेजोवलय नसलेला त्या घोळक्यातला तो एकटाच. येशूचा हात डावीकडे, सरोवराकडे. शेजारी पेत्राचा हातही तिकडेच, पण कपाळावर आठ्या. मी कोळी आहे, मला सांगता माशाच्या तोंडात पैसे असतात म्हणून? असेच त्याचा चेहरा म्हणतो. इमारतीच्या सगळ्या रेषा मागे जात येशूच्या डोक्याशी मिळतात, त्यामुळे नजर कुठेही भरकटली तरी तिथेच परतते. उजेडही चॅपेलच्या खऱ्या खिडकीच्या बाजूने येतो आणि माणसांच्या सावल्या जमिनीवर पडतात.

काळ मात्र सरळ चालत नाही. आधी मधला प्रसंग, मग डावीकडचा मासा, मग साऱ्यांना ओलांडून उजवे टोक: तिथे पेत्र त्याच वसुलीदाराच्या हातावर नाणे ठेवतो. एका चौकटीत पेत्र तीनदा, वसुलीदार दोनदा.

१४२७ मध्ये फ्लोरेन्सने कातास्तो ही नवी करपद्धत आणली. म्हणून हे चित्र म्हणजे कर भरा असा उपदेश, असे काही अभ्यासक मानतात. मला ते पटत नाही. तसे असते तर नाणे मधोमध आले असते. मसाच्चोने मासा एका टोकाला ठेवला, नाणे दुसऱ्या टोकाला, आणि भिंतीचा मधला भाग दिला तो मनात शंका असूनही हात उचलणाऱ्या पेत्राला.