दुसरं कडवं

सिंदी मेघेत एक म्हातारा राहत होता. रेल्वेतून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा. खाली तो आणि त्याची बायको राहत. वरची खोली ते भाड्यानं देत.

बायको तुळशीपाशी दिवा लावताना रोज एकच गाणं गुणगुणायची. दूरदर्शनवर ‘महाश्वेता’ मालिका लागायची, तेव्हापासून मालिकेचं ते शीर्षकगीत तिच्या ओठी बसलं होतं. शब्द नागपूरच्या ग्रेस यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लताबाईंचा. ग्रेस यांची कविता अवघड, असं शिकलेली माणसं म्हणतात. 1967 साली ‘संध्याकाळच्या कविता’ हा त्यांचा पहिला संग्रह आला, तेव्हापासून म्हणत आली आहेत. त्या बाईनं त्यांचं एकही पुस्तक उघडलं नव्हतं. तिन्हीसांजेला जीव कसा हुरहुरतो, ते मात्र तिला ठाऊक होतं. तेवढ्यावर तिला ते गाणं कळलं. तिला पहिलंच कडवं यायचं. पुढचं ती नुसत्या सुरात नेई.

एका उन्हाळ्यात बायको गेली. म्हातारा रडला नाही. तेरवी झाली, लेक मुंबईला परतला. मग म्हाताऱ्यानं ते गाणं घरात येऊ दिलं नाही. नागपूर आकाशवाणीवर लागलं की तो उठून रेडिओ बंद करी. शेजारी वाजलं तर खिडकी लावून घेई. लोक म्हणत, गडी खंबीर आहे. गडी दिवसेंदिवस वाळत चालला होता.

पुढच्या वर्षी वर नवी भाडेकरू आली. गडचिरोलीकडची पोर, सावंगीला नर्सिंग शिकणारी. एका संध्याकाळी वरून तेच गाणं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी आलं, तिसऱ्या दिवशीही आलं. म्हातारा तणतणत जिना चढला.

दार उघडंच होतं. पोर भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात डबा तसाच बंद.

“बंद करतो काकाजी,” डोळे पुसत ती म्हणाली. “माय गेली दिवाळीत. हे ऐकलं का थोडं रडू येते, मंग जेवण जाते.”

तेवढ्यात पहिलं कडवं संपलं आणि दुसरं सुरू झालं. म्हातारा उंबऱ्यातच थांबला. हे शब्द त्यानं कधी ऐकलेच नव्हते. या जागी त्याच्या कानांत नेहमी बायकोचं गुणगुणणं असे. तो हळूच खाली बसला.

“राहू दे पोरी,” तो म्हणाला. “तुह्या काकूले हे पुढचं येतच नव्हतं.”

आणि त्याला रडू फुटलं. पोर काही बोलली नाही. तिनं डबा उघडला आणि अर्धी पोळी त्याच्यापुढे ठेवली. जेवता जेवता तो बायकोबद्दल बोलत राहिला, रात्र होईस्तोवर.

गाणं बंद केलं की दुःख थांबेल, असं त्याला वाटलं होतं. पण गाण्याबरोबर त्यानं बायकोची आठवणही घराबाहेर ठेवली होती. पोर रोज थोडं रडत होती, म्हणून तिला घास जात होता.

ग्रेस 2012 साली गेले, लताबाई 2022 साली गेल्या. गाणं अजून लोक ऐकतात. तुमच्या घरी कुणी तिन्हीसांजेला असं गाणं लावलं, तर ‘रडकं कशाला लावतेस’ म्हणून ते बंद करू नका. संपेपर्यंत जवळ बसा.