जुन्या वस्तूचे मोल आणि मोमिनचे माप



काही दिवसांपूर्वी इशाच्या नमाजनंतर नालासोपाऱ्यातील एका तरुणाने मला थांबवले. "मौलाना, गेम खेळण्याचा माझा संगणक विकायचा आहे. बहिणीच्या नर्सिंगची फी भरायची आहे. किती किंमत सांगितली तर ती जायज ठरेल?" मी घाईत होतो. शरीअतने नफ्याची सरसकट मर्यादा घातलेली नाही, दोघांच्या राजीखुशीने ठरेल ती किंमत, फक्त खोटे बोलू नकोस, असे सांगून मी निघालो. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. ते अपुरेपण मला दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेल्यावर उमगले.

२०२१ साली त्याने हा संगणक नव्वद हजारांना जुळवून घेतला होता. त्या वर्षी ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा होता आणि भाव चढलेले होते. त्यामुळे साठ हजार तरी यावेत, अशी त्याची अपेक्षा होती. पण जुन्या वस्तूचे मोल आपण काय मोजले यावर ठरत नाही. तेवढेच काम करणारी वस्तू आज कितीला मिळते, यावर ठरते. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, प्रत्येकाचा आजचा भाव वेगळा पाहावा लागतो. वॉरंटी उरली आहे का, बिल आहे का, पंखे आवाज करतात का, आपल्या वसईच्या खाऱ्या, दमट हवेने सुटे भाग गंजले आहेत का, हेही पाहावे लागते. रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटचे फारसे कोणी देत नाही. विरार लोकलने ग्रँट रोडला उतरून त्याने लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानांत विचारले. आकडे वेगवेगळे आले, पण सारे पस्तीस हजारांच्या आसपास होते.

फिक्हमध्ये याच गोष्टीला आधार आहे. जाणकार मूल्यमापकांच्या अंदाजांच्या कक्षेत बसणारा फरक हनफी फुकहांनी क्षम्य मानला. कोणाही जाणकाराच्या अंदाजात न बसणाऱ्या फरकाला 'गबने फाहिश', म्हणजे उघड नागवणूक म्हटले. तेव्हा अंदाज हजार-दोन हजारांनी चुकला, तर ते पाप नव्हे.

पण बोलता बोलता तरुण म्हणाला, "या कार्डावर मी वर्षभर रात्रंदिवस इथेरियमचे मायनिंग केले आहे. ग्राहक विचारणार नाही. सांगायलाच हवे का?" १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांचे ते काम संपले, आणि अशी वापरलेली अनेक कार्डे जुन्या बाजारात आली. असे प्रत्येक कार्ड खराबच असते असे नाही. पण पंखे झिजतात, आणि घेणाऱ्याला कळले तर तो कमी भाव देतो. ज्या माहितीने भाव बदलतो, ती माहिती विक्रेत्याजवळ ग्राहकाची अमानत असते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे मालकाने सांगितले. सहीह मुस्लिममधील या हदीसचा रोख पाहा: पाऊस पडणे हा मालकाचा अपराध नव्हता. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हा प्रश्न होता. आणि फसवणारा माझ्यापैकी नाही, असे त्यानंतर बजावले गेले. मालक खोटे बोललाच नव्हता, हे लक्षात घ्या. मी तरुणाला दिलेला सल्ला त्या ढिगाच्या मालकाने तंतोतंत पाळला होता.

ग्राहकावरही जबाबदारी आहे. सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना माप मारणाऱ्यांचा धिक्कार आहे. दुसऱ्याचा संगणक 'भंगार' आणि आपला 'नव्यासारखा', हीसुद्धा दोन मापेच. गरजवंताची अडचण ओळखून भाव पाडणारेही आपल्यात आहेत. ह. जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्यासाठी एक घोडा तीनशे दिरहमांना ठरला होता, तो अधिक मोलाचा आहे, असे त्यांनी स्वतःच विक्रेत्याला सांगितले आणि भाव वाढवत आठशेवर नेला, असे तबरानीत नमूद आहे.

तरुणाने ग्राहकाला सारे सांगितले. ग्राहक बोळिंजचे रिक्षाचालक, मुसलमान नव्हेत. मुलाला व्हिडिओ संपादन शिकायचे होते. त्यांच्यासमोर अर्धा तास संगणक पूर्ण भाराने चालवून दाखवला. त्यांनी चार हजार कमी केले आणि सौदा एकतीस हजारांना झाला. फीला तेवढेच कमी पडले. ते तो आता हप्त्याने फेडतो आहे. सचोटीमुळे ते चार हजार दुसऱ्या वाटेने परत आले, असे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तसे घडलेले नाही. खरे सांगून, दोष उघड करून केलेल्या सौद्यात बरकत असते, हे बुखारी व मुस्लिम यांतील हदीसमध्ये आले आहे. ती रकमेतच दिसेल, अशी अट त्यात नाही.

आपल्या घरातही विकायला काढलेली एखादी वस्तू असेल. तिचा ओला भाग वर ठेवण्याची तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो, आणि घाईने सल्ला देणाऱ्या माझ्यासारख्यांना क्षमा करो. आमीन.