थबकलेल्या माणसाची वही

मनमाडहून मुंबईला जाता येते, भुसावळला, दौंडला आणि छत्रपती संभाजीनगरलाही. परंतु कोठे जावे हेच ज्याला उमगत नाही, त्याला इतक्या वाटांचा उपयोग तो काय? आमच्यापैकी अनेकांच्या घरी पूर्वी दिशा तयार मिळत असे. वडील रेल्वेत, म्हणून मुलगाही रेल्वेत; येथील पुलांच्या कारखान्याने कित्येक कुटुंबांची आयुष्ये जणू आखूनच दिली. आता ती रेघ पुसट झाली आहे. पदवी घेऊन बसलेला तरुण, मुले दूर गेलेले निवृत्त दांपत्य, नोकरी सोडवत नाही आणि धरवतही नाही असा चाळिशीतला गृहस्थ, या साऱ्यांना ‘रोज थोडे लिहीत जा’ असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. लिहिल्याने खरोखर दिशा सापडते काय?

नोंदी ठेवणे आम्हांला नवे नाही. ज्या गावाने नळाच्या पाण्याची दिवसेंदिवस वाट पाहिली, तेथे पाणी आल्याची तारीख कॅलेंडरवर टिपली जाते, दुधाचा खाडा टिपला जातो. मनाला कोरड कधी पडली, याची नोंद मात्र कोठेच नसते.

संत इग्नेशियस लोयोला यांनी ती ठेवली. १५२१ मध्ये पाम्प्लोना येथे तोफेच्या गोळ्याने पाय मोडून ते घरी खिळून पडले. वाचायला वीरांच्या कथा हव्या होत्या. मिळाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. एका थोर स्त्रीच्या सेवेची स्वप्ने रंगवताना तासन्‌तास सुखात जात, पण नंतर मन शुष्क होई. संतांप्रमाणे जगण्याचा विचार ओसरल्यावरही समाधान मागे राही. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो गेल्यावर काय उरते, हे पाहण्याची सवय त्यांना येथे लागली.

आम्हांला अधिक मोलाची वाटते ती त्यांची पुढची वही. येशूसंघाचे प्रमुख झाल्यावरही ते एका प्रश्नापाशी अडले होते: संघाच्या चर्चना कायमचे उत्पन्न असावे की नसावे? दोन्ही बाजूंची कारणे त्यांनी मांडली आणि २ फेब्रुवारी १५४४ पासून मिस्साबलिदानाच्या वेळची मनःस्थिती ते दररोज टिपू लागले. अश्रू आले की नाही, उमेद होती की नव्हती. घरातला आवाज थांबवण्यासाठी आपण प्रार्थनेतून उठलो, हेसुद्धा! निर्णय झाला असे वाटूनही ते पुन्हा खात्री मागत राहिले. १२ मार्चला उत्पन्न नाकारण्याचे ठरले. चाळीस दिवस एका प्रश्नासाठी. संतालाही एवढा काळ लागला, याचा आम्हांला फार दिलासा वाटतो.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. इग्नेशियस यांच्या वहीत प्रश्न ठरलेला होता, आणि ते कोणापुढे तरी उभे राहून लिहीत होते. आपली वही पुष्कळदा केवळ आपल्याशीच बोलते. मग दुखणे गोंजारले जाते, सासूचा, साहेबाचा, नशिबाचा पाढा वाचला जातो, आणि लिहून झाल्यावर काहीतरी केल्याचे खोटे समाधान मिळते. निर्णय टाळण्याचा याहून सभ्य मार्ग आम्हांला ठाऊक नाही.

उलट बाजूचा दाखला आमच्याच जिल्ह्यातला आहे. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली नाशिकजवळ जलालपूरला जन्मल्या. १८९५ मध्ये ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पती व आप्त यांच्यामध्ये त्यांची ओढाताण सुरू झाली. स्वतः त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग निघाला १९३४ साली! म्हणजे ते पुस्तक लिहून त्यांना वाट गवसली नाही. वाट चालून झाली, मग ते लिहिले गेले. तरीही त्यांच्याकडून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. शाळेचे फारसे शिक्षण नसलेल्या या बाईंनी आपला हट्ट, भोळेपणा, भीती, काहीच झाकले नाही.

तेव्हा ज्याला लिहायचे आहे त्याने रात्री चार ओळी लिहाव्यात, भाषेची चिंता न करता: आज कशाने मन भरले, कशाने रिते झाले. महिन्याने मागची पाने वाचावीत. जे पुन्हापुन्हा आले असेल ते एखाद्या जाणत्या व्यक्तीला किंवा धर्मगुरूंना सांगावे. आणि पानोपानी एकाच माणसाविषयी तक्रार आढळली, तर वही मिटून आधी त्याचे घर गाठावे.