स्वेच्छेचे कष्ट आणि सिएनाचे पांढरे रस्ते

इटलीतील तोस्काना प्रांतात सिएना शहराच्या ईशान्येला किआंतीचे द्राक्षमळे आहेत आणि आग्नेयेला क्रेते सेनेझी नावाच्या चिकणमातीच्या उघड्याबोडक्या टेकड्या. या दोन्ही भागांतून खडीचे जुने रस्ते गेले आहेत. उन्हात ते लखलखीत पांढरे दिसतात, म्हणून त्यांना ‘स्त्रादे बियांके’, पांढरे रस्ते, असेच म्हणतात. जवळून डांबरी रस्ता जात असतानाही रुंद टायरची सायकल घेऊन मुद्दाम या खडीवर येणारे लोक आज जगभरातून तिथे जातात. 1997 मध्ये गायोले इन किआंती या गावातून ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू झाली. तिचा सर्वांत मोठा मार्ग दोनशे किलोमीटरहून लांब आहे, सायकली 1987 पूर्वीच्या बनावटीच्या असाव्या लागतात आणि कोणाचा पहिला-दुसरा क्रमांक काढला जात नाही. बक्षीस नाही, सक्ती नाही, सोपी वाट हाताशी आहे, तरीही माणसे अवघड वाट धरतात. अशा कष्टाला काही आध्यात्मिक मूल्य असते का, की तो धडधाकट देहाचा एक शौक आहे, हा प्रश्न तपाच्या जुन्या चर्चेतलाच आहे.

आधी हे कष्ट कसले असतात ते पाहायला हवे. आशानोजवळचा मोंते सांते मारिएचा साडेअकरा किलोमीटरचा पट्टा टेकड्यांच्या माथ्यावरून चढत-उतरत जातो. दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या मातीच्या घळी, सावलीला क्वचित एखादे सायप्रसचे झाड. चढावर सीटवरून उठून जोर लावला की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. म्हणून बसूनच, हलका गिअर टाकून, एकसारखा पाय मारावा लागतो. उतारावर उलट अडचण. वळणाच्या बाहेरच्या कडेला सुटी खडी साचलेली असते. तिच्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरते, त्यामुळे वेग वळणाआधीच कमी करावा लागतो. हँडल घट्ट आवळून धरले तर प्रत्येक दगडाचा धक्का खांद्यापर्यंत येतो. सैल धरले तर सायकल आपली वाट आपण शोधते. टायरमध्येही हवा थोडी कमीच ठेवतात. नुसत्या जोरावर हा रस्ता पार होत नाही, आणि नजर क्षणभर हटलेलीही त्याला चालत नाही. या कष्टाचा पहिला गुण त्यामुळे वेदना हा नसून अवधान हा आहे. पाय दुखणे डांबरी घाटातही होते. खडी त्याहून वेगळे काही मागते.

याच टेकड्यांत सातशे वर्षांपूर्वी दुसऱ्या एका माणसाने अवघड वाट निवडली होती. सिएनाच्या श्रीमंत घराण्यातला कायदेपंडित बेर्नार्दो तोलोमेई 1313 मध्ये दोन साथीदारांसह शहर सोडून आक्कोना नावाच्या ओसाड भागात राहायला गेला. 1319 मध्ये तिथे मोंते ओलिवेतो मज्जोरे हा मठ स्थापन झाला. तो आजही उभा आहे आणि सायकलस्वार त्याच्या दारावरून जातात. बेर्नार्दोचे एकांतवासाचे तप कठोर होते, पण त्याच्या चरित्रातला निर्णायक प्रसंग त्या एकांतवासाच्या शेवटचा आहे. 1348 मध्ये प्लेगने सिएना उद्ध्वस्त होत असताना तो मठाचा सुरक्षित एकांत सोडून शहरात गेला, आजारी भिक्षूंची शुश्रूषा केली आणि त्याच साथीत वारला. पस्तीस वर्षांच्या तपाने त्याला काय दिले, याचे उत्तर त्या परतीच्या वाटेवर मिळते. ओसाड रान ही त्याची तयारी होती. ती कशाची तयारी आहे, हे त्याला स्वतःलाही आधी कळण्याचा मार्ग नव्हता.

सिएनाच्या दुसऱ्या संताचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. 2007 पासून होणाऱ्या ‘स्त्रादे बियांके’ या व्यावसायिक शर्यतीत शेवटचा चढ वीया सांता कातेरिना या अरुंद फरसबंद गल्लीतून जातो. चढाची तीव्रता तिथे 16 टक्क्यांपर्यंत पोहोचते, आणि दमछाक झालेले शर्यतपटू तिथून पियात्सा देल काम्पो या चौकात उतरतात. ही गल्ली संत कातेरिनाच्या नावाची आहे आणि तिचे घरही याच भागात आहे. कातेरिनाने इतके उपास केले की अखेर अन्न पोटात ठरेना. 1380 मध्ये वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ती गेली. देहदंडाचे याहून टोकाचे उदाहरण मध्ययुगीन युरोपात शोधावे लागेल. पण तिच्या ‘संवाद’ या ग्रंथात ईश्वराच्या तोंडी जो उपदेश आहे, तो देहदंडाला दुय्यम ठरवतो. तप हे सद्गुणाचे साधन आहे, पाया नव्हे. जो तपालाच पाया मानतो तो तपाच्या प्रमाणावरून स्वतःला आणि इतरांनाही मोजू लागतो, आणि तिथेच त्याची वाट चुकते. जिने देहाची सर्वांत कठोर परीक्षा घेतली तिनेच हे लिहावे, याला फार वजन आहे. तिच्या जगण्यात आणि लिहिण्यात विसंगती आहे हे मान्य करावे लागते. तरीही तत्त्व म्हणून तिचे लिहिणेच अधिक पक्के आहे.

भगवद्गीतेचा सतरावा अध्याय वेगळ्या परंपरेतून जवळपास याच ठिकाणी येतो. दंभाने आणि अहंकाराने शरीराला पीडा देणाऱ्यांना तिथे आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. शारीर तपात पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा मोजली आहेत. भूक, ऊन, थकवा यांचा त्या यादीत उल्लेखही नाही. सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून केलेले तप राजस, आणि म्हणून चंचल व अशाश्वत ठरवले आहे. प्रत्येक चढाचा वेळ मोबाइलवर नोंदवून इतरांच्या वेळेशी ताडून पाहणारा सायकलस्वार या वर्णनात आपोआप बसतो. लेरोइकाने क्रमांक न काढण्याचा नियम का केला असेल ते असो, राजस तपाचा एक दरवाजा त्याने बंद होतो.

कष्ट कशाला जोडलेले आहेत यावर त्यांचे मूल्य ठरते, हे सायकलच्याच इतिहासात जीनो बार्ताली याच्या आयुष्याने दाखवले. फ्लॉरेन्सजवळचा हा श्रद्धाळू कॅथलिक 1938 आणि 1948 अशी दोनदा तूर द फ्रान्स जिंकला. या दोन विजयांच्या मध्ये, 1943-44 च्या जर्मन ताब्याच्या काळात, तो सरावाच्या निमित्ताने लांब लांब सायकल चालवत असे आणि यहूदींना वाचवण्यासाठी तयार केलेली खोटी कागदपत्रे पोहोचवत असे. याद वाशेम या जेरुसलेममधील संस्थेने 2013 मध्ये त्याला ‘राष्ट्रांमधील सत्पुरुष’ हा सन्मान दिला. तेव्हा त्याला जाऊन तेरा वर्षे झाली होती. हयातीत तो या कामाबद्दल बोलणे टाळत असे. पाय तेच, रस्ते तेच, दमणेही तेच. शर्यतीसाठी कमावलेले बळ दुसऱ्याच्या जिवासाठी वापरले गेले आणि त्याचा गाजावाजा झाला नाही, एवढ्याने त्या श्रमांची जात बदलली.

मग ज्याच्यापुढे असा प्रसंग नाही, त्या साध्या सायकलस्वाराच्या कष्टाचे काय? तीर्थयात्रेच्या नियमांत याचे एक अर्धवट उत्तर सापडते. कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक 990 च्या सुमारास रोमहून परतताना ज्या मुक्कामांनी गेला, त्यांवर आधारलेला वीया फ्रांचिजेना हा यात्रामार्ग सिएनातूनच जातो आणि काही ठिकाणी याच पांढऱ्या रस्त्यांवरून. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेत प्रमाणपत्रासाठी पायी शंभर किलोमीटर पुरतात, सायकलने मात्र दोनशे लागतात. वरवर पाहता हा कष्टाचा तराजू आहे. पण त्याच नोंदणीत यात्रेमागचा हेतूही विचारला जातो. अंतर मोजता येते, हेतू मोजता येत नाही. तरी विचारल्याशिवाय राहवत नाही. यात्रेकरूला पोहोचायचे ठिकाण असते. लेरोइकाचा स्वार गायोलेहून निघून गायोलेलाच परततो. त्याच्या फेरीला तीर्थ नाही, म्हणून तिला यात्रा म्हणणे ओढूनताणून होईल. तिला अवधानाचा अभ्यास म्हणता येईल, आणि तेवढे मूल्यही थोडे नाही.

एक आक्षेप मात्र यानेही मिटत नाही, आणि तो सर्वांत गंभीर आहे. हे रस्ते खेळासाठी झाले नाहीत. शेतघरे, मळे आणि गावे जोडण्यासाठी ते बैलगाड्यांनी आणि पायांनी घडले. त्यांवरून चालणारे बहुतेक लोक अर्धेलीने जमीन कसणारे होते. पिकाचा निम्मा वाटा मालकाचा. 1964 च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. त्याच काळात हजारो कुटुंबे शेतघरे सोडून शहरांकडे गेली. त्यांच्यासाठी ही धूळ आणि हे चढ निवडीचा विषय नव्हते. ज्याला सक्तीने भोगावे लागते त्याच्या कष्टाला कोणी तप म्हणत नाही. ज्याला परत डांबरावर जाता येते त्याच्या कष्टाला मात्र सहज म्हटले जाते. लेरोइकाच्या स्थापनेमागे हे रस्ते डांबरीकरणापासून वाचवण्याचा हेतू होता आणि तो बराच साधला आहे. वाचवलेल्या रस्त्यावर दवाखान्यात किंवा शाळेत जाणारा रहिवासीही असतो, आणि खडी त्याच्या चाकाखालीही तीच असते. स्वेच्छेच्या कष्टाला मूल्य हवे असेल तर हा रहिवासी त्या हिशेबात धरावा लागतो. रस्ता ज्यांच्या दारातून जातो त्यांच्या संमतीने तो पांढरा राहिला पाहिजे, आणि त्याच्या देखभालीचा भार त्यांच्याइतकाच तिथे हौसेने येणाऱ्यांनीही उचलला पाहिजे.